पंपहाऊसची बाई

ऑक्टोबर लागला की आमच्या वळणावर भुताचा सीझन सुरू होतो. पावसाळ्यात यांचे कॅमेरे भिजतात, मे महिन्यात यांना गावी जायचं असतं, डिसेंबरात कुणाकुणाची लग्नं असतात. भुताला भेटायला मोकळा महिना हाच. बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या पंपहाऊसपाशी रस्ता कोपरासारखा वळतो, तिथे काळे टी-शर्ट घातलेली पोरं फोन उंचावून उभी राहतात. काल संध्याकाळी पाच वाजता एक जण होता. लख्ख ऊन, डांबर तापलेलं, सप्तपर्णीच्या फुलांचा तो डोकं उठवणारा वास, आणि हा शहाणा हातात लाल-हिरवे दिवे लुकलुकणारं यंत्र धरून कुजबुजत बोलतोय.

"हे काय रे?" मी विचारलं.

"एनर्जी पकडतं, ताई."

त्याच्या डोक्यावर दोन हातांवर विजेचा डीपी होता. एनर्जीला तोटा नव्हता. मी तसं म्हटलं तर तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघायला लागला. "तुम्ही इथल्या नाहीत वाटतं. इथे एक बाई लिफ्ट मागते. पांढरी साडी. लंगडत येते. काही झालं तरी गाडी थांबवायची नाही. थांबलात की संपलात."

मी इथलीच आहे. आणि ते शेवटचं वाक्य माझं आहे. पंधराव्या वर्षी मी ते रचलं, आणि ज्या एका बाईला हे सांगायला हवं होतं तिला वीस वर्षांत सांगितलं नाही.

भुतांची मला भीती नाही, किळस आहे. रस्त्यावर लिफ्ट मागणाऱ्या बायांची तर विशेष. घाट असो, खाडी असो, मढकडे जाणारा झाडीचा रस्ता असो, बाई तीच. तरुण, एकटी, पांढऱ्याशुभ्र साडीतली. अरे, ऑक्टोबरच्या धुळीत मुंबईत पांढरी साडी दोन तास पांढरी ठेवून दाखवा, मग मी भुतावर विश्वास ठेवते. मेल्यावर तिला नीळ कोण घालून देतं? पंचावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी, हातात दळणाचा डबा घेतलेली बाई मेल्यावर कधी लिफ्ट मागत नाही. ती जिवंतपणी मागते, तेव्हा कोण थांबतो? भिंतीतून जाता येतं, हवेतून तरंगता येतं, आणि साकीनाक्याला जायला हिला कुणाच्या तरी मोटारसायकलची मागची सीट लागते! ही गोष्ट बायकांच्या डोक्यातून निघूच शकत नाही, असं मी एरवी छातीठोकपणे म्हटलं असतं. पण पंपहाऊसची बाई आम्हीच केली. आमच्या चाळीच्या ओट्यावर, दुपारी, वाल निवडता निवडता.

मी विमा कचेरीत अपघातांचे कागद तपासते. बारा वर्षं झाली. गाडी चालवणाऱ्यांचे जबाब वाचून वाचून माझं एक मत झालंय, की या माणसांच्या आयुष्यात सगळं अचानक होतं. अचानक वळण आलं. अचानक म्हातारी आली. वळण कुठून येतं? ते जागच्या जागी असतं, शंभर वर्षं. गाडी हा तर ओरिजिनल भूतप्रकार आहे. मवाळ, घरात बायकोला घाबरणारा माणूस तिच्यात बसला की त्याच्यात काहीतरी संचारतं, आणि उतरल्यावर त्याला काही आठवत नाही.

तर त्या वर्षीचा ऑक्टोबर. मी दहावीत, सहामाही परीक्षा तोंडावर. चाळीत सगळी कोकणातली कुटुंबं. गिरण्या बंद पडल्यावर परळहून उचलून इथे डोंगराखाली येऊन पडलेली. घाम असा की भूमितीच्या वहीला मनगट चिकटायचं. गाद्या उन्हात टाकलेल्या, डोंगरावरचं गवत पिवळं पडत चाललेलं, आणि नळाला पाणी नाही. पाणी यायचं ते रस्त्यापलीकडे, पंपहाऊसच्या भिंतीला असलेल्या सार्वजनिक नळाला, संध्याकाळी पाच ते सात. म्हणजे पस्तीस घरांतल्या बायका, पोरी दोन तास तो रस्ता ओलांडत असायच्या. जाताना रिकामी कळशी, येताना भरलेली. भरलेली कळशी कमरेवर असताना माणसाला पळता येत नाही. हे कुणीही करून बघावं.

आधी त्या रस्त्याला काही वर्दळ नव्हती. मग त्याचं डांबरीकरण झालं, कुणाला तरी शोध लागला की इकडून हायवेला लवकर पोचता येतं, आणि वाट लागली. टेंपो, रिक्षा, बाइकवाली पोरं वळणावर अशी यायची की कळशीतलं पाणी हिंदकळायचं. एक कुत्रा गेला. मग एक बकरी गेली. मग आमच्या शेजारच्या आवडाकाकूची नात चिंगी, सहा वर्षांची, तिची वेणी एका आरशाला घासून गेली. वेणी! चार बोटं इकडे असती तर?

आवडाकाकू मालवणकडची. उंच, हाडकुळी, आवाज असा की तिने चिंगीला हाक मारली की तिसऱ्या चाळीतली पोरंही घरी जायची. ती अर्ज घेऊन कचेरीत गेली. अर्ज मी लिहिला होता, सुवाच्य अक्षरात, 'महोदय' वगैरे घालून. स्पीडब्रेकर हवा. कचेरीतला साहेब म्हणाला, रस्ता आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कचेरीत गेली. ते म्हणाले, येतो, पण त्या जागी अपघाताची नोंद कुठे आहे? नोंद असेल तर प्रस्ताव करता येईल.

"कुत्रो मेलो," काकू म्हणाली.

"माणूस?"

काकू घरी येऊन पाय पसरून बसली आणि म्हणाली, "माणूस मारून घेऊन या म्हणतत मेले."

तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर चार-पाच बायका वाल निवडत होत्या. मी इतिहासाचं पुस्तक उघडून त्यांचं बोलणं ऐकत होते. अचानक (हो, मीही हा शब्द वापरते) काकू म्हणाली, "माणसाक कोण घाबरत नाय. तिकडे बाई उभी करूया."

"कोणाला?" आई म्हणाली.

"मेलेली."

बायका हसून लोळल्या. पण काकूचा हिशेब पक्का होता. तिच्या गावाला तिठ्यावर देवचार असतो. वाटेवरचा राखणदार तो. त्याच्या हद्दीत शिरलं की माणूस आपोआप पाय आवरतो. वहाणा काढतो, विडी ठेवतो, "जातंय रे बाबा" म्हणून सांगतो आणि हळू, मान खाली घालून पुढे होतो. तिथे कुणी धावत नाही. तिथे धावणं म्हणजे उद्धटपणा. भूत असलेली जागा म्हणजे सावकाश जायची जागा, हे काकूच्या हाडात होतं. स्पीडब्रेकर मिळत नाही ना? मग राखणदार ठेवू.

मग तिने बाई घडवली. हिरवं लुगडं नेसलेली, सवाष्ण, कमरेवर कळशी. पाणी आणायला गेली ती परत आलीच नाही. वळणावर हात दाखवते, म्हणते पलीकडे सोड. गाडीवाल्याने थांबायचं, हात जोडायचे, "येतंय गो बाय" म्हणायचं आणि पुढच्या कडुनिंबापर्यंत सावकाश जायचं. एवढं केलं की ती काही करत नाही. उलट त्याच्या घरचं भलं होतं. आईने पंपहाऊसच्या भिंतीला हळदकुंकू लावलं. काकूने रिक्षास्टँडवर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, मासे घेताना कोळणीला सांगितलं. खोटं बोलताना तिचा चेहरा इतका खरा व्हायचा की मलाच शहारा यायचा.

आणि काय सांगू, आठ दिवस चालली हो ती गोष्ट! रिक्षावाले वळणावर हळू होत. एक जण तर उतरून पाया पडून गेला. जिवंत पस्तीस बायका रोज दिसत होत्या त्यांच्यासाठी ब्रेकवर पाय पडला नाही, आणि जी नव्हती तिच्यासाठी हे उतरले. काकूने रव्याचा शिरा केला आणि सगळ्या ओट्यावर वाटला. मी दोनदा घेतला.

आता माझी अक्कल सांगते. मी हायवेच्या पलीकडे क्लासला जायची. तिथे बिल्डिंगमधली मुलं असायची, बाइकवरून येणारी. त्यांच्यात मी म्हणजे चाळीतली, तेल लावलेली, मालवणी ऐकून वाढलेली. माझ्याशी कुणी धड बोलत नसे. एक दिवस मी म्हटलं, आमच्या वळणावर भूत आहे. पाच मिनिटांत माझ्या बाकाभोवती नऊ जण! आता त्यांना काय मी हिरवं लुगडं आणि कळशी सांगू? हात जोडा आणि 'येतंय गो बाय' म्हणा? मला लाज वाटली. काकूचं भूत मला गावठी वाटलं. मी तिची साडी पांढरी केली. कळशी काढून टाकली, केस मोकळे सोडले. वय पंचविशीवर आणलं. एकाने विचारलं, मग थांबलं तर काय होतं? त्याचे डोळे माझ्यावर होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी मुलगा माझं पुढचं वाक्य ऐकायला थांबला होता. मी म्हटलं, "काही झालं तरी थांबायचं नाही. थांबलात की संपलात."

झकास टाळी घेतली मी.

पुढच्या आठवड्यात वळणावरचं वारं बदललं. गाड्या लांबूनच हॉर्न वाजवत यायच्या आणि पंपहाऊस दिसलं की हळू व्हायच्या ऐवजी सुसाट सुटायच्या. बाइकवाली पोरं माना खाली घालून, ओरडत जायची. रिक्षावाल्यांनीही काकूची गोष्ट टाकली आणि माझी उचलली, कारण माझी जास्त भारी होती. बायका नळापाशी थिजून उभ्या राहायच्या. काकूला काही उमजेना. ती रोज आईला विचारायची, "गो, हे पळतत कित्याक? भूत असताना कोण पळता?" तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या गावात कुणी असं केलं नसतं. मला कळत होतं. मी सनावळ्या पाठ करत होते.

भूगोलाचा पेपर झाला त्या दिवशी साडेसहाला काकू दोन कळशा घेऊन रस्त्याच्या मधोमध होती. दिवेलागणीची वेळ, दिसत होतं अजून. टेंपो आला. तिने कळशी टाकून हात वर केला, थांब म्हणून. टेंपो थांबला नाही. त्याने वेग वाढवला. मी आमच्या खिडकीतून इंजिनाचा आवाज ऐकला, तो आवाज चढत गेला.

काकूची मांडी आणि खुबा मोडला. आम्ही रस्त्यावर आलो, आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी गाडी थांबवायला वळणावर उभी राहिले. पंधरा वर्षांची मुलगी, शाळेचा पांढरा गणवेश, हात हलवतेय. तीन रिक्षा आल्या. एक मोटार आली. प्रत्येकाने माझ्याकडे बघितलं, प्रत्येकाचा चेहरा मी बघितला, आणि चौघेही पळाले. माझंच वाक्य माझ्या अंगावरून जात होतं. शेवटी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. तो त्याच आठवड्यात या भागात आला होता, त्याला गोष्ट ठाऊक नव्हती. त्याने पत्रे उतरवले, काकूला गाडीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत ढकलत नेलं.

टेंपोवाला दुसऱ्या दिवशी सापडला. वीस-बावीसचा पोरगा. चौकीत म्हणाला, "मला वाटलं, तीच." आणि तिथे बसलेल्या लोकांनी काय करावं? माना डोलावल्या! एक जण म्हणाला, त्या जागेचाच दोष आहे. म्हणजे दोष जागेचा, बाई भुतासारखी दिसली हा बाईचा, आणि ज्याचा पाय पेडलवर होता तो बिचारा. कचेरीला मात्र हवी होती ती नोंद मिळाली. दिवाळीच्या आत स्पीडब्रेकर झाला. पांढरे पट्टेही मारले.

काकू पाच महिने खाटेवर होती. उठली ती लंगडत. आणि दोनेक वर्षांत पंपहाऊसची बाईही लंगडायला लागली. कुणीतरी काकूला लांबून बघितलं असणार. इतकं निर्लज्ज असतं हे लोकांचं कल्पनाविश्व. जिवंत बाईचा पाय मोडायचा, आणि तिचं लंगडणं उचलून भुताला लावायचं.

चाळ गेली. त्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर आहे, मी सातव्यावर आणि काकू अकराव्यावर. नळ घरात आले. काल त्या पोराच्या तोंडून माझं वाक्य ऐकून मी वर आले ती सातव्यावर उतरलेच नाही. अकरावं बटण दाबलं.

काकू आता सत्तरीच्या पुढे. चिंगी नोकरीवरून यायची होती, घरात ती एकटीच. मला बघून खूश झाली. चिंगीने तिला फोनवर वळणावरच्या भुताचे व्हिडिओ दाखवले होते. "माझो पाय बघ गो कसो फेमस झालो," म्हणत ती हसली, दात नसलेलं, पोट धरून. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "पण माका एक सांग मंगल, तू शिकलेली. मी थांबा म्हणान सांगलेलंय. ते पळाक कित्याक लागले?"

वीस वर्षांनीही तोच प्रश्न. मला दुसऱ्यांचे जबाब वाचायची सवय आहे, स्वतःचा द्यायची नाही. पण दिला. क्लास, बाक, पांढरी साडी, तो मुलगा, टाळी. काही वगळलं नाही. तिचं भूत मला गावठी वाटलं, हेही सांगितलं. रडू आलं, ते मला आवडलं नाही. मीच अपघात केल्यावर रडायचा हक्क मला कसला?

काकू पायावरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, आता शिवी येईल. आली असती तर मी तिच्या पाया पडले असते. पण तिने विचारलं ते भलतंच.

"म्हणजे त्या टेंपोवाल्या पोरान तुझा आयकल्यान?"

"हो."

"तो घाबरलेलो?"

"हो काकू. खूप घाबरला असणार."

तिचा चेहरा उतरला. पाय मोडला तेव्हाही मी तिचा असा चेहरा बघितला नव्हता. "अगो बाय माझे," ती म्हणाली, "मी रोज सांजेक त्येच्या नावान गाराणा घालतंय. वीस वर्सां. त्येचा वाटोळा होऊ दे म्हणान."

गाऱ्हाणं म्हणजे साधी प्रार्थना नव्हे. आमच्याकडे ते देवापुढे उभं राहून मोठ्याने, नाव घेऊन, रीतसर मांडतात. एकाने मांडायचं आणि सोबतच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. तो होकार पडला की मागणं देवाच्या दरबारात पक्कं होतं, अशी समजूत. मी यातलं काही मानत नाही. मी भुतं मानत नाही, शाप मानत नाही, देवाचं दप्तर मानत नाही. पण त्या पोराचं पुढे काय झालं, कुणालाच ठाऊक नाही.

"दिवो लाव," ती म्हणाली. "माका उभी कर."

मी दिवा लावला. तिला बगलेत धरून देव्हाऱ्यापुढे उभं केलं. तिचं सगळं वजन माझ्यावर होतं. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि तो जुना, तिसऱ्या चाळीत ऐकू जाणारा आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा, वीस वर्सां मी एका पोराच्या नावान तुझ्याकडे रडलंय. ता तू आयकलं असशीत तर परत माझ्या पदरात टाक, म्हाराजा."

तिने माझ्याकडे बघितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"होय महाराजा," मी म्हणाले.

"तो खय असात थय त्येका, त्येच्या पोराबाळांक सुखात ठेव, म्हाराजा."

"होय महाराजा."

"आणि ही माझ्या शेजारची मंगल..."

ती थांबली. दम लागला होता, की शब्द शोधत होती, की ठरवत होती, कळायला मार्ग नव्हता. माझ्या हातात तिचा दंड होता. पुढे काय येणार मला ठाऊक नव्हतं. तिने अजून काही मागितलंही नव्हतं.

"होय महाराजा," मी म्हणाले.